पाम्फिलची तार

नव्या घरी कामाला गेला की माझा भाऊ तोआदेर बॅग खाली ठेवायच्या आधी विचारतो, "घरात कोणाला मेलेलं माणूस दिसतं का?" तरुण मंडळी हसतात. म्हाताऱ्या बायका मात्र हसत नाहीत, आणि एखादी गप्प बसली की तोआदेर आधी जाऊन खिडकी उघडतो.

तो गॅस बॉयलरचा मिस्त्री. आमच्या बोतोशान शहरात प्रत्येक फ्लॅटच्या स्वयंपाकघरात भिंतीवर बॉयलर टांगलेला असतो, आणि त्याचे झिजलेले भाग बदलण्यात तोआदेरचं आयुष्य गेलं. बोलतो कमी. दोघांच्या वाटणीचं मी बोलते, कारण मी थोरली बहीण आणि त्याच्याच इमारतीत, बरोबर त्याच्या वरच्या मजल्यावर राहते.

गेल्या शरदात त्याची बायको साफ्ता गेली. चाळिसाव्या दिवशी मेलेल्याचे कपडे कोणाला तरी दान द्यायचे असतात, म्हणजे त्याला तिकडे घालायला मिळतात. तोआदेरने दिले नाहीत. तिचा फुलाफुलांचा रुमाल दाराच्या खुंटीवर तसाच लटकत होता. एकदा मला म्हणाला, "ताई, तुझ्या स्वप्नात येते का गं ती?"

"येते की! कोबीला मीठ कमी पडलं म्हणून ओरडते माझ्यावर."

"माझ्या नाही येत," तो म्हणाला. "एकदाही नाही."

त्याच हिवाळ्यात चर्चमध्ये म्हातारी कासांद्रा सगळ्यांना सांगत सुटली की तिचा नवरा पाम्फिल परत येतो. बिचारा वर्षापूर्वी वारलेला. संध्याकाळी घर तापलं की टेबलाशी येऊन बसतो म्हणे, नेहमीच्या खुर्चीत, आणि खोकतो. बायकांनी छातीवर क्रूस काढले. पाद्रीबाबा घरात तीर्थ शिंपडून आले, तरी पाम्फिल काही हलला नाही. मी ही चटकदार बातमी बोर्शचं आंबट सूप वाढता वाढता तोआदेरला सांगितली. त्याने चमचा खाली ठेवला.

"तिचं डोकं दुखतं का?"

"म्हातारीचं डोकं दुखणार नाही तर काय नाचणार?"

तो बॅग घेऊन निघालासुद्धा. कासांद्रा परक्या पुरुषाला दार उघडायची नाही, म्हणून मीही शाल गुंडाळून मागोमाग गेले. बोर्श तसाच राहिला.

कासांद्राचं स्वयंपाकघर गरम आणि कोंदट होतं. काचांवरून पाणी ओघळत होतं. टेबलावर ताटं दोन.

"मिस्त्री, मी कुठे बोलावलंय तुला? बॉयलर छान चाललाय माझा."

तोआदेरने वर पाहिलं. बाहेरची हवा आत यावी म्हणून भिंतीत जी जाळी असते, तिच्यात एक तपकिरी स्वेटर कोंबलेला होता.

"हे कोणी केलं, मावशी?"

"मी. तो तिथेच बसतो ना, जाळीखाली. मानेवर वारं आलं की खोकला सुरू. जन्मभर त्या झुळकीनेच छळलं त्याला, आता मेल्यावर तरी सोडू दे."

मला ते पटलं. दोन बाजूंनी वारं खेळतं त्या घरात माणूस टिकत नाही, असं आमची आई सांगायची. मी साठ वर्षांत समोरासमोरच्या दोन खिडक्या कधी एकदम उघडल्या नाहीत.

तोआदेरने स्वेटर ओढून काढला, खिडकी उघडली, गॅस बंद केला आणि बॉयलरचं झाकण उतरवलं. आत काजळीच काजळी. धूर चिमणीतून वर न जाता खोलीत परतू लागला की गॅस तोडणारा एक छोटा सेन्सर असतो. त्याच्या दोन टोकांना तांब्याची बोटभर तार जोडून त्याला मुका करून ठेवला होता.

"आणि ही तार?"

"पाम्फिलने लावली," कासांद्रा कौतुकाने म्हणाली. "मेला बॉयलर सारखा बंद पडायचा. याने ती तार लावली आणि पुन्हा म्हणून बंद पडला नाही. सोन्याचे हात होते त्याचे."

तोआदेर स्टुलावरून खाली उतरला. "मावशी, पाम्फिल येत नाही गं. धूर येतोय. हा धूर डोक्यात गेला की माणसं दिसतात. आणि मग एक दिवस बघणाराच उरत नाही."

कासांद्राने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "मग येऊ दे की धूर," ती म्हणाली.

तोआदेर पाना घेऊन पुन्हा स्टुलावर चढला. मग त्याने नवा सेन्सर बसवला, झाकणाचं कडक झालेलं रबर बदललं, चिमणीपर्यंतची काजळी ब्रशने काढली. कासांद्रा तेवढा वेळ दोन्ही हात मांडीत घेऊन बसून होती. तो निघताना मात्र दारात आडवी आली.

"तार दे. माझ्या नवऱ्याची आहे."

"म्हणूनच देत नाही," तोआदेर म्हणाला आणि तार खिशात घातली.

पुढच्या रविवारी तिने मला चर्चच्या पायरीवर गाठलं. डोकं आता दुखत नव्हतं, रंगही सुधारला होता. पण डोळे कोरडे ठणठणीत. "अंगेलिना, येत नाही आता तो," ती म्हणाली. "तुझ्या भावाने दुसऱ्यांदा पुरला त्याला."

मी मूर्खासारखं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तोआदेर खिशात हात घालून कितीतरी वेळ काहीतरी चाचपत राहिला, आणि मला ते दिसूनही उमगलं नाही.

मग पितरांचा शनिवार आला. गहू शिजवून, साखर-अक्रोड घालून केलेली कोलिवा मी चर्चमध्ये साफ्ताच्या नावाने वाटली. तोआदेर आला नाही. उरलेली वाटी घेऊन मी त्याच्याकडे गेले. दार वाजवलं, उत्तर नाही. माझ्याजवळच्या किल्लीने उघडलं तर आतून गरम, जड हवा अंगावर आली. काचा ओघळत होत्या. टेबलावर दोन ताटं. तोआदेर हातावर डोकं टेकून पडलेला, चेहरा लालभडक. आणि जाळीत साफ्ताचा फुलाफुलांचा रुमाल.

मी बॉयलर बंद केला, खिडकी उघडली, दार उघडलं, समोरची खिडकी उघडली. फेब्रुवारीचा वारा घरातून आरपार सुटला. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला फरफटत जिन्यात आणलं आणि वाऱ्याच्या तोंडाशी धरून ठेवलं. शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली. त्याने डोळे उघडले, ओकला, आणि मी त्याच्या थोबाडीत दिली. "गाढवा! दुसऱ्यांची घरं वाचवत फिरतोस आणि स्वतःच्या घरात हे? वर मी राहते, मी!" आणि मग त्याला पोटाशी धरून मोठमोठ्याने रडले.

इस्पितळातून परतला तेव्हा मी त्याच्या डोक्यावर उभी राहून त्याच्या बॉयलरमध्ये जोडलेली पाम्फिलची ती तार त्यालाच काढायला लावली, सेन्सर पूर्ववत करवला आणि तार गटारात टाकली. मग साफ्ताचा कोट आणि तो रुमाल त्याच्या हातात दिला. "चल. तिकडे ती थंडीत कुडकुडत असेल. म्हणून येत नाही तुझ्याकडे."

हे दान कासांद्रालाच द्यायचं त्याने ठरवलं होतं. तिच्या घरी त्याने कोट दिला आणि रीतीप्रमाणे मेणबत्ती ठेवून रुमाल तिच्या हातात दिला. तिने तिथल्या तिथे डोक्याला बांधला, साफ्ताच्या आत्म्याला शांती मागितली, आणि आतून पाम्फिलचा तपकिरी स्वेटर आणला. धुऊन धुऊन त्याचा रंग उडाला होता, तरी काजळी पुरती गेली नव्हती. "घाल," ती म्हणाली. "त्यालाही ऊब मिळू दे." तोआदेरने घातला. बाह्या आखूड झाल्या.

कासांद्रा त्याच्याकडे बघत राहिली. मी जे विचारायला धजले नव्हते ते तिने विचारलं.

"तुझ्याकडे आली का रे ती?"

"नाही, मावशी," तोआदेर म्हणाला. "नुसतं डोकं दुखलं."

टेबलाशी जाऊन जाळीखालची खुर्ची तिने बाहेर ओढली. जाळी उघडी होती, थंड वारं सरळ मानेवर येत होतं.

"बस," ती म्हणाली. "खोकला आला तर खोक."

तो बसला. तिने त्याला सूप वाढलं.