मास्तरीणबाईंची वही

बाविसाव्या मजल्यावर राहायला आल्यापासून टेलरमास्तरांना तिथल्या सोयींचं कौतुक इतकं, की पाहुण्यांना ते सुनेच्या आधी लिफ्टची ओळख करून देत. तळमजल्यावर दवाखाना, सातव्यावर पोहण्याचा तलाव, आणि पाण्याला घाबरणाऱ्यांसाठी काठावर आरामखुर्च्या. मास्तर काठावरच्या पक्षाचे.

पण खरा जीव जडला तो कचऱ्याच्या खिडकीवर. दाराबाहेर भिंतीत एक झडप. उघडायची, पिशवी सोडायची, की सर्रकन थेट तळघरात. उभा जन्म बादली घेऊन जिने उतरलेले मास्तर आता केळ्याचं एक सालसुद्धा सोडून येत आणि कान लावून ऐकत.

"बाबा, घरातला कचरा संपला आता," मुलगा म्हणे.

"मग कर की थोडा."

एकच गोष्ट या घरात सापडत नव्हती. मास्तरीणबाईंची जाडजूड वही. बाई जाऊन आठ महिने झाले होते. चाळीस वर्षं दुकानात मास्तर मापं घेत आणि बाई लिहीत. मास्तरांनी "कंबर अडतीस" म्हणायचं, बाईंनी लिहून घेऊन "हं" म्हणायचं. हं आल्याशिवाय टेप पुढे सरकत नसे. गिऱ्हाईक अवघडून उभं राहिलं तरी बेहत्तर. समासात बाईंचे शेरे असत: 'पोट सुटलंय, सांगू नये.' 'बायको म्हणेल तेच कापड.' त्यांच्या हातचं अक्षर म्हणून एवढंच उरलं होतं. मास्तरांनी कपाटं पालथी घातली, गाद्या उचलून पाहिल्या.

एका सकाळी त्यांनी मेहुणीला फोन लावला.

"भाऊजी, कपाटात काय शोधताय? ताईनं मोलाची वस्तू कधी कपाटात ठेवली? बांगड्या कुठे असायच्या?"

"चिंध्यांत," मास्तर म्हणाले. चोर कचऱ्याला हात लावत नाही, हा बाईंचा सिद्धांत.

"मग? वही पिठाच्या फाटक्या पिशवीत आहे, वर चिंध्या कोंबल्यात. पिशवी मीच धरली होती."

शिलाईयंत्राखालची ती पिशवी मास्तरांनी अर्ध्या तासापूर्वीच झडपेतून सोडली होती. जड आवाज आला म्हणून खूषही झाले होते.

लिफ्ट कुठेही न थांबता उतरली. तळघरात सफाईवाल्या बाई कचरा दाबायचं यंत्र पुसत होत्या.

"पिठाची पिशवी होती एक..."

"काका, सगळं दाबून गाडीत गेलं. इथे काही साठतच नाही, फार सोय आहे." मग त्यांचं लक्ष मास्तरांच्या चेहऱ्याकडे गेलं. त्यांनी गुपचूप आपलं स्टूल पुढे सरकवलं.

त्यानंतर मास्तर झडपेकडे फिरकले नाहीत. पिशवी हातात घेऊन खाली जात, तळघरात उघडून एकेक साल बघत, मगच टाकत. कोणी त्यांना हटकलं नाही.

महिन्याभरानं मुलगा पँट घेऊन समोर उभा राहिला. त्याला काही नडलं नव्हतं. मास्तरांनी टेप लावली.

"कंबर अडतीस."

"लिहिलं फोनमध्ये."

टेप हलली नाही. मुलगा अवघडून उभा. लहानपणी तो दुकानात शिलाईयंत्राखाली बसून खेळायचा.

"हं," तो हळूच म्हणाला.

टेप खाली सरकली. पुढचा आकडा मात्र मास्तरांना बराच वेळ दिसेना.