मुन्सरिम मास्तरांची साठी आणि कमिटीची शाल

श्री. मारोतराव मास्तरांची आणि माझी पहिली ओळख एका गैरसमजातून झाली. कुंभार पिंपळगावाहून वडिलांबरोबर मी जालन्याच्या शाळेत नाव घालायला आलो, तेव्हा पटांगणावर एक उंच, काटक गृहस्थ मुलांची कवायत घेत होते. वडिलांनी, म्हणजे आमच्या अप्पांनी, त्यांना विचारले, "राम राम. ड्रिलमास्तर आपणच का?"

"न्हाई. ड्रिलमास्तर रजेवर हायत," ते म्हणाले. "मी मुन्सरिम."

अप्पांनी हात जोडले. गाडीकडे परतताना मला म्हणाले, "आडनाव मुसलमानी दिसतंय रे, पन बोलनं तर बिलकुल आपल्या आष्टीकडचं हाय." पुढे कितीतरी दिवस मी त्यांना 'मुन्सरिम गुरुजी' अशी हाक मारत होतो आणि ते न हसता ओ देत होते.

मुन्सरिम म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर तात्पुरता बसवलेला माणूस, आणि तो कायम झाला की मुस्तकील, हे आमच्या संस्थानातले कचेरीचे शब्द मला पुढे वकिलीत रोजचे झाले. कचेरीत मुन्सरिम तहसीलदार येतो आणि थोड्या दिवसांनी कायम तरी होतो, नाहीतर जातो तरी. मारोतराव मास्तरांचे तसे झाले नाही. मी शाळा सोडली, वकील झालो, माझा मुलगा त्याच शाळेत जाऊ लागला, तरी मास्तर मुन्सरिमच. ज्यांच्या जागेवर ते उभे आहेत ते मूळ ड्रिलमास्तर रजा घेऊन बार्शीला गेले आणि तिथेच किराण्याचे दुकान काढून बसले, हे साऱ्या जालन्याला ठाऊक आहे. आमच्या शाळेच्या कमिटीला तेवढे ठाऊक नाही. तिच्या दफ्तरी ते गृहस्थ अजून रजेवर आहेत.

यंदा मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त कमिटीने हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि माझ्याकडे लेख मागितला. मी आनंदाने होकार दिला. मग कानावर आले की शुक्रवारी, आमच्या संस्थानातल्या आठवड्याच्या सुट्टीला, समारंभ, आणि शाल-नारळ देऊन झाले की त्याच संध्याकाळी कमिटीची बैठक. त्या बैठकीत पुण्याहून व्यायामाची सनद घेऊन आलेल्या एका गृहस्थांना मुस्तकील नेमायचे आणि मारोतराव मास्तरांना मोकळे करायचे. इतकी वर्षे ज्यांना मास्तरांची थोरवी दिसली नाही, त्यांना ती नेमकी आता दिसली, याचे कारण मला तेव्हा उमगले. मला राग आला आहे. गौरवलेखात रागावू नये असा संकेत असेल, तर संपादकांनी मला माफ करावे, पण लेख आहे तसाच छापावा.

जालन्यात बास्केटबॉल हा खेळ मास्तरांनी आणला. तरुणपणी ते फौजेत होते, तेव्हा सिकंदराबादच्या छावणीत त्यांनी तो पाहिला आणि खेळलाही. गावात त्याला कोणी त्या नावाने ओळखत नसे. 'टोपल्याचा खेळ' म्हणत. कापसाच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या प्रेसमधून मागून आणून लोहाराकडून त्यांनी दोन कडी करवून घेतली आणि मैदानाच्या दोन टोकांना लाकडी खांबांवर ठोकली. चेंडू मात्र एकच होता, आणि मैदानाच्या कडेने बाभळी. व्हायचे तेच झाले. आम्ही चेंडू आपटायला शिकण्याआधीच एका काट्याने त्याचा आतला रबरी ब्लॅडर फाटला, आणि तो जालन्यात मिळेना.

मास्तर नव्या चेंडूची मागणी घेऊन कमिटीच्या चिटणीसांकडे गेले. सोबत मी होतो. चिटणीस म्हणाले, "मागणी मुस्तकील मास्तरांच्या सहीने यायला पाहिजे. मुन्सरिमाला सामान मागता येत नाही."

"पन साहेब, ते तर रजेवर हायत."

"मग ते आल्यावर घेऊ."

हे संभाषण मी बनवलेले नाही. एवढ्या मोठ्या माणसांना एवढे मूर्खपणाचे वाक्य मी माझ्या मनाने बोलायला लावले नसते.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "जालन्यात चेंडू मिळत न्हाई तर न्हाई. कापूस तर मिळतो?" त्यांनी चेंडूच्या कातड्यात कापूस ठासून भरला आणि चांभाराकडून तो शिवून घेतला. असा चेंडू टप्पा घेत नाही. जमिनीवर पडला की भिजलेल्या उशीसारखा पडून राहतो. हा खेळ चेंडू आपटत धावण्याचा, आणि आमचा चेंडू आपटायच्या कामाचाच नव्हता. मग उरले एकच, एकमेकांकडे फेकणे. आम्ही फेकायला शिकलो. धावता धावता, न बघता, उजव्या-डाव्या हाताने फेकायला आणि झेलायला शिकलो. मास्तरांनी आमची अडचण कधी अडचण म्हणून बोलून दाखवली नाही.

आता जी गोष्ट सांगतो ती या लेखात नसावी असे मला सुचवण्यात आले होते. आमच्या पाच जणांच्या संघात महारवाड्यातला लक्ष्मण होता आणि चिटणीसांचा भाचा मनोहर होता. लक्ष्मणने फेकलेला चेंडू मनोहर झेलत नसे. तो जमिनीवर पडू द्यायचा आणि मग उचलायचा. मातीला लागला की झाला चेंडू शुद्ध! आम्हा बाकीच्यांनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. मास्तरांनी थोडे दिवस नुसते पाहिले. मग एके दिवशी खेळ थांबवून म्हणाले, "आजपासून पाची हात लागल्याबिगर चेंडू टोपल्यात जानार न्हाई. आन् भुईवर पडला का डाव समोरच्याचा."

मनोहर म्हणाला, "मला नाही जमणार."

"मंग बस तिकडं. खेळायचं का बसायचं ते तुझं तू ठरव. मला दोन्ही चालतंय."

मनोहर बसला, आणि घरी जाऊन सांगितलेही. दुसऱ्या दिवशी चिटणीस मैदानावर हजर. सगळ्यांसमोर म्हणाले, "नियम करायचा अधिकार मुन्सरिमाला कोणी दिला?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "बराबर हाय साहेब. हा नियम बी मुन्सरिमच हाय. मुस्तकील मास्तर आले का ते मोडतील."

चिटणीस आले तसे परत गेले. मूळ मास्तर कधी यायचे नाहीत हे त्यांना आमच्याइतकेच माहीत होते, पण ते कबूल करायचे म्हणजे मारोतरावांना कायम करावे लागले असते. मनोहर थोडे दिवस कडेला बसून राहिला, आणि मग एका संध्याकाळी आपण होऊन उठून आला. लक्ष्मणने चेंडू फेकला, त्याने झेलला. मास्तर एवढेच म्हणाले, "कोपर आत घे." मनोहर आज माझा स्नेही आहे आणि हे सारे मी त्याच्या परवानगीने लिहीत आहे. ज्या माणसाने आमच्याकडून हे करवून घेतले, त्याच्याजवळ सनद नाही म्हणे!

त्यांच्या मायेविषयीही लिहिले पाहिजे. उर्दूत मी इतका कच्चा होतो की परीक्षेत साफ नापास झालो. ही खबर पिंपळगावाला पोहोचली आणि अप्पा गाडी जुंपून मला न्यायलाच आले.

"मास्तर, पोरगं शिकाया ठिवलंय म्या. टोपल्यात चेंडू टाकाया न्हाई."

"बिलकुल बराबर हाय, पाटील. घेऊन जा. मी आडवनार न्हाई. पन आलातच तर जरा टेका. एक डाव बघा आन् मंग जा."

अप्पा नाराजीनेच बसले. डाव रंगात आला तशी त्यांची पगडी मागे सरकली, आणि मग ते उभे राहून ओरडू लागले, "आरं दे की त्याला! मोकळा हाय त्यो! आरं दिसत न्हाई का तुला?" तो 'मोकळा' लक्ष्मण होता, हे त्यांना ठाऊक होते की नाही मला माहीत नाही. डाव संपल्यावर घसा बसलेल्या आवाजात त्यांनी विचारले, "हे आता परत कधी हाय?"

गाडी मला न घेताच परत गेली. पण जाण्याआधी मास्तरांनी अप्पांना शब्द दिला होता, पोराला उर्दूत पास करून दाखवीन असा. फौजेत त्यांनी उर्दू चांगली कमावली होती. त्या दिवसापासून खेळ सुटला की ते मला घरी नेत, मास्तरीणबाई पुढ्यात भाकरी ठेवत, आणि जेवण होईपर्यंत मास्तर माझ्याकडून उर्दू वाचून घेत. आज कोर्टात मी उर्दूत युक्तिवाद करतो आणि लोक माझ्या उर्दूची तारीफ करतात. ती तारीफ ज्यांच्या हक्काची आहे, त्यांना आता घरी बसा असे सांगायचे घाटते आहे.

औरंगाबादच्या सामन्यांत आम्हाला पुन्हा हवा भरलेला चेंडू मिळाला. इतर शाळांची मुले तो आपटत, डौलात धावत. आम्हाला ते येतच नव्हते. आम्ही आपले पाच हातांतून फेकत राहिलो. आमचा चेंडू जमिनीवर येईना, त्यामुळे त्यांना तो सापडेना. शेवटच्या सामन्याला तर पाहणारे लोक "पाच! पाच!" म्हणून मोजू लागले होते. कप घेऊन आम्ही रेल्वेने परत आलो, तेव्हा जालन्याच्या स्टेशनावर चिटणीस स्वतः हार घेऊन उभे होते. हार मुख्याध्यापकांना घातला.

मग फोटो काढायचा ठरला. पुढे तीन खुर्च्या मांडल्या: अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि चिटणीस. मागे आम्ही मुले आणि आमच्या कडेला मास्तर. फोटोवाला काळ्या कापडात डोके घालणार, तेवढ्यात चिटणीस वळून म्हणाले, "मुन्सरिमांनी जरा बाजूला व्हावे. फोटो कायमचा राहतो."

मास्तर बाजूला झाले. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो, आणि आजही माझे डोके तापते. सर्वांत आधी लक्ष्मण रांगेतून निघाला. त्याच्यामागे मनोहर, आपल्या सख्ख्या मामांच्या खुर्चीमागून. मग आम्ही सगळेच. तोवर फोटोवाल्याने कापडात डोके घातले होते. त्याने 'हलू नका' म्हटले आणि समोर उरले होते त्यांचाच फोटो घेतला. तो अजून शाळेच्या कचेरीत लटकतो आहे. तीन खुर्च्या, तीन थोर माणसे, मध्ये कप आणि मागे कोरी भिंत. या तिघांनी कोणता खेळ जिंकला, असे नवे लोक कारकुनाला विचारतात.

मास्तर मात्र आमच्यावर चिडले. "फोटो खराब केलात लेकांनो," म्हणाले. "कप तरी बराबर आला का?"

कमिटीचे म्हणणे मला समजावून सांगण्यात आले आहे. मास्तरांचे वय झाले, हा पहिला मुद्दा. हे म्हणणाऱ्यांनी आमच्या मैदानावर यावे आणि मास्तरांबरोबर एक फेरी धावावी. बाकीचे आपण नंतर बोलू. सनद नाही, हा दुसरा मुद्दा. मग इतकी वर्षे बिनसनदी माणसाच्या हाती पोरे सोपवताना कोणाला झोप आली नाही, असे तर ऐकिवात नाही. नव्या गृहस्थांशी माझे वैर नाही. त्यांनी जरूर यावे, मास्तरांच्या हाताखाली राहावे, त्यांच्याकडून दोन गोष्टी घ्याव्या आणि आपल्याकडच्या दोन द्याव्या. शाळा मोठी आहे, मैदानही मोठे आहे. पण कायम व्हायचा पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न जालन्यातल्या कोणत्याही माणसाला विचारा. उत्तर द्यायला तो बैठक बोलावणार नाही.

परवा मी मास्तरांना भेटलो. शाल घेऊ नका, असे त्यांना सांगायला गेलो होतो. ते पोरांचा खेळ बघत उभे होते.

"वकीलसाहेब," ते म्हणाले (मला चिडवायचे असले की ते असेच म्हणतात), "शाल घेईन की. लोकांनी मायेनं आनली, न्हाई कशाला म्हनायचं? पन शनिवारी सकाळी ही पोरं हितं येतील. मास्तर कुठं हायत, म्हनून इचारतील. त्यांला काय सांगायचं, तेवढं कमिटीनं ठरवून ठिवावं. माझ्याच्यानं ते सांगनं हुनार न्हाई."

आणि त्यांनी तोंड फिरवले. फौजेत राहिलेला, कोणापुढे कधी हात न पसरलेला माणूस. त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे धैर्य मला झाले नाही.

म्हणून कमिटीला आम्हा जुन्या खेळाडूंचे सांगणे असे की आधी बैठक घ्यावी आणि मग समारंभ करावा. बैठकीत मास्तर कायम झाले, तर मंडपाला खांब आम्ही रोवू आणि पंगतीला वाढायलाही आम्ही उभे राहू. तसे होणार नसेल तर हा लेख संपादकांनी माझ्याकडे परत पाठवावा. मी तो गौरवासाठी लिहिला आहे. निरोपासाठी तो मिळणार नाही.

मारोतराव मास्तरांना परमेश्वराने उदंड आणि निरोगी आयुष्य द्यावे, अशी मी प्रार्थना करतो, आणि ती तो ऐकेल की नाही याची मला चिंता नाही. चिंता आहे ती कमिटीची. शनिवारी सकाळी पोरे मैदानावर येतील, तेव्हा त्यांना मास्तर समोर उभे दिसले पाहिजेत.