एका फेरीची सही

विद्यापीठाच्या गाड्या ज्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या राहत, तिथे बाकीचे सगळे ड्रायव्हर कुलसचिवांच्या ड्रायव्हरला 'कुलूप' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला राग येत नसे, उलट बक्षीस मिळाल्यासारखं वाटे. सव्वीस वर्षं त्याने गाडी चालवली, त्यातली शेवटची नऊ कुलसचिवांची, आणि मागच्या सीटवर बोललेलं एक अक्षर त्याच्या तोंडून कधी बाहेर गेलं नाही. गाडीतला आरसा तो असा वाकवून ठेवी की मागचा रस्ता दिसावा आणि मागचा माणूस दिसू नये. नव्या ड्रायव्हरांना तो एवढंच शिकवी, की विचारायचं नाही. कानावर आलंच तर विसरायचं, आणि विसरता येत नसेल तर सरळ ट्रकवर जायचं.

ह्या गुणाचा एक मासला सांगतो. तीन वर्षांपूर्वी सलग चाळीस दिवस तो साहेबांना संध्याकाळी एका हॉस्पिटलात नेई आणि दोन तासांनी परत आणी. एक्केचाळिसाव्या दिवशी साहेब खाली आलेच नाहीत. त्यांची पत्नी वारल्याचं त्याला सूचनाफलकावरून कळलं, विद्यापीठातल्या इतर चारशे लोकांबरोबर. बायको म्हणाली, अहो, चाळीस दिवस तुम्ही त्या माणसाला नेत होता आणि कोण आजारी आहे एवढंही विचारलं नाहीत? ह्यावर त्याचं उत्तर असं, की आपलं काम न्यायचं. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तिला त्याच्याशी संसार करून एकतीस वर्षं झाली होती.

लॉगबुक ही ह्याची दुसरी बायको, असं शेडमध्ये म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. कुठून कुठे, निघतानाचं रीडिंग, परतल्यावरचं रीडिंग, कशासाठी, आणि शेवटच्या रकान्यात ज्याच्यासाठी गाडी गेली त्याची सही. सही नसली की ड्रायव्हरने स्वतःच्या कामाला गाडी पळवली असं धरत. साहेब गाडीतून उतरले की हा बॉनेटवर वही उघडून ठेवी आणि साहेब न बोलता सही करत. सव्वीस वर्षांत त्याच्या वहीत एकही रकाना रिकामा नव्हता. पहिला रिकामा राहिला तो एका मंगळवारी.

त्या दिवशी साहेब भर दुपारी खाली आले. दोन्ही काखांत पुठ्ठ्याची दोन खोकी होती आणि ती उचलायला शिपाई नव्हता. त्यांनी चौतीस किलोमीटरवरच्या एका लहान गावातला पत्ता सांगितला. वाटेत त्यांचा फोन एकदाही वाजला नाही. दिवसाला पन्नास फोन घेणाऱ्या माणसाचा फोन गप्प आहे, हे कुलपाच्याही लक्षात आलं. एका तीनमजली इमारतीपुढे त्याने गाडी उभी केली, साहेबांकडून किल्ली घेऊन खोकी दुसऱ्या मजल्यावरच्या घरात नेऊन ठेवली आणि खाली येऊन वही काढली. साहेब अजून गाडीच्या दाराला हात लावून उभेच होते. डोळे लाल झालेले. ते त्याने पाहिले, कारण मध्ये आरसा नव्हता. वही पुढे करायला त्याचा हात उठला नाही.

"बरं, या तुम्ही," साहेब म्हणाले. तो परत आला.

दुसऱ्या दिवशी कुलसचिवांच्या दारावर पाटी नव्हती, चार स्क्रूंची चार भोकं होती. फलकावर दोन ओळी लागल्या. कुलसचिवांनी वैयक्तिक कारणास्तव कार्यभार सोडला आहे, ह्याबाबत कोणीही कोणाशीही चर्चा करू नये. चर्चा करू नये म्हटल्यावर ज्यांना साहेबांचं नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं तेही चर्चेला लागले. परीक्षा विभागाचं म्हणणं, प्रवेशाच्या कसल्याशा यादीवर सही करायला नकार दिला म्हणून घालवलं. ग्रंथालयाचं म्हणणं, सही केली म्हणूनच घालवलं. कँटीनवाल्याच्या मते माणूस आजारी होता, पण तो आपल्या चहाने नाही. सगळ्यांचा सुतावरून स्वर्ग गाठून झाला आणि मग सगळे कुलपाकडे वळले, कारण साहेबांना शेवटचं पाहिलं होतं ते त्यानेच.

नऊ वर्षांत ज्यांनी त्याच्या नमस्काराला मानही हलवली नव्हती, असे प्राध्यापक शेडमध्ये येऊन 'काय, बरं आहे ना?' विचारू लागले. दिवसाला पाच-पाच चहा समोर येत. तो चहा पिई आणि मिठाची गुळणी धरून बसे. लोकांना वाटे, काय पोटात ठेवून बसलाय हा माणूस! खरं म्हणजे पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याला मुख्य इमारतीत बोलावून एका कागदावर सही करायला सांगितली. मला ज्ञात असलेली माहिती मी उघड करणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. त्याने सांगून पाहिलं की आपल्याला काहीच ज्ञात नाही. टेबलापलीकडची बाई म्हणाली, मग तर सही करायला काहीच अडचण नाही. त्याने सही केली. जे ठाऊकच नाही ते लपवून ठेवायची जबाबदारी अशी त्याच्या गळ्यात पडली.

साहेबांची गाडी शेडमध्येच होती. बॅटरी उतरू नये म्हणून तो रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवी आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या पत्र्याकडे बघत बसे. वाईट वाटतंय का, असं बायकोने विचारलं तेव्हा त्याने खरोखर आत शोधून पाहिलं, आणि काही सापडलं नाही. पाय झोपला की चिमटा काढला तरी दुसऱ्याच्याच पायाला काढल्यासारखा वाटतो, तसं चाललं होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. टीव्ही चालू आहे की बंद, हे मात्र बायकोने सांगितल्यावर कळे.

असे पाच आठवडे गेले. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता आणि त्यासाठी वाहन विभागाचा ना-हरकत दाखला लागत होता. विभागाचा प्रमुख त्याच्या मुलाच्या वयाचा, पण बोलायला नीट. वही चाळता चाळता तो त्या मंगळवारपाशी थांबला. अडुसष्ट किलोमीटर, सही नाही.

"काका, ही फेरी झालीच नाही असं करू या," तो आवाज उतरवून म्हणाला. "अडुसष्टच आहेत ना? थोडे थोडे करून बाकीच्या दिवसांत टाका. कोरं पान मी देतो."

"फेरी झालीये."

"मला माहितेय हो. पण साहेब कुठे गेले हे कागदावर नकोय वरच्यांना. आणि वर सही नाही. उद्या कोणी म्हणालं गाडी तुम्हीच नेली होती, तर चौकशी लागेल, निवृत्ती लटकेल. काय सांगणार तुम्ही?"

साहेबांशी संपर्क करायला तर सगळ्यांनाच बंदी होती. प्रमुखाने खिडकीबाहेर बघत सांगितलं की सोमवारी एक तर नवं पान हवं, नाही तर सही हवी, आणि रविवारी कोण कुठे जातो हे आपल्याला कळायचं काही कारण नाही.

पाच आठवड्यांत त्याला दुखलं ते एवढं एकच. सव्वीस वर्षं वही खरी ठेवायची आणि शेवटच्या आठवड्यात बसून ती खोटी करायची, हे काही त्याच्या गळी उतरेना. रविवारी त्याने लॉगबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि सकाळची बस धरली.

बसचा थांबा त्या इमारतीच्या बरोबर समोर होता. उतरला तेव्हा दहा वाजले होते. परतीची बस पावणेबाराला, हे त्याने खांबावरच्या पाटीवर वाचून घेतलं, आणि मग जिना चढला.

दार साहेबांनीच उघडलं. दाढी वाढलेली, स्वेटरचं एक बटण चुकीच्या काजात. त्याला बघून त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तुम्ही? या, या. पाच आठवड्यांत तुम्ही पहिलेच." त्यांनी घाईघाईने खुर्चीवरचे पेपर उचलले. ती दोन खोकी त्याने जिथे ठेवली होती तिथेच होती, सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती.

तो बसला नाही. पिशवीतून वही काढून त्याने ते पान उघडलं.

"सहीसाठी आलात होय," साहेब म्हणाले.

"राहिली होती साहेब, त्या दिवशी."

साहेबांनी चष्मा शोधला, सही केली, नेहमीसारखीच ठळक. वही मात्र परत दिली नाही. पेन तसंच हातात धरून त्यांनी विचारलं, तिकडे लोक काय म्हणतात. हा म्हणाला, काही नाही. काहीच नाही? आपण ऐकत नाही साहेब, असं त्याने सांगितलं. साहेब जरासे हसले.

"तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही? मी का गेलो ते?"

साहेबांनी दुसरी खुर्ची ओढून पहिलीच्या समोर ठेवली.

"बसा ना. चहा टाकतो. कोणाला तरी एकदा सगळं सांगून टाकावं असं वाटतंय."

त्याच्या डोक्यात तो कागद आला, ज्ञात असलेल्या माहितीचा. आज आपल्याला काही ठाऊक नाही म्हणून आपण सुटे आहोत. उद्या लोक चहा घेऊन येतील, तेव्हा पोटात खरंच काहीतरी असेल. ह्या विचाराने तो घाबरला, ही सरळ गोष्ट आहे. आणि सव्वीस वर्षांची सवय भीतीच्या मदतीला धावून आली.

"बस आहे साहेब," तो म्हणाला. "चुकेल."

साहेबांनी वही मिटून त्याच्या हातात दिली. "बरं. मग या तुम्ही."

तो खाली आला तेव्हा साडेदहाही वाजले नव्हते. थांब्यावर एकच बाक होता. जाणार कुठे? तो त्यावर बसला. थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीचं दार उघडलं आणि साहेब हातात कप घेऊन बाहेर आले. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग बाकाकडे. ह्याने पटकन वही उघडली आणि त्यात मान घातली. आता ते हाक मारतील असं त्याला वाटलं. त्यांनी मारली नाही. त्याला अवघडायला होऊ नये म्हणून तेच आत गेले आणि दार लावून घेतलं, अगदी हळू, आवाज न करता.

अजून सव्वा तास होता. वर जायला दोन जिने. त्याने ते मनात दोनदा चढून पाहिले आणि तो बाकावरच बसून राहिला. पावणेबाराला बस आली.

सोमवारी प्रमुखाने सही पाहिली, सुटकेचा निःश्वास टाकला आणि दाखल्यावर शिक्का मारला. वही मात्र त्याने कपाटात आतल्या बाजूला ठेवून कुलूप लावलं. साहेब काय म्हणाले, असं त्याने सहज विचारलं. काही नाही, असं उत्तर मिळालं. "वा, काका. कुलूप म्हणजे कुलूप," तो खूश होऊन म्हणाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव ऐकून त्याला लाज वाटली.

घरी बायको भाजी निवडत होती. सही मिळाली का, तिने विचारलं. मिळाली, तो म्हणाला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"का गेले हो ते?"

"विचारलं नाही."

तिने मान हलवली, तिला हेच अपेक्षित होतं. पण तो उठला नाही. स्वतःहून म्हणाला, "ते सांगणार होते. खुर्ची ओढली त्यांनी माझ्यासाठी."

तिचे हात थांबले. "मग तुम्ही काय केलंत?"

"बस चुकेल म्हणालो."

"चुकली?"

"नाही," तो म्हणाला. "स्टॉपवर बसलो होतो. सव्वा तास."