नसीमआपांच्या वहीतलं 'व्हेरी गुड'

मंडळी, सकाळपासून कशातच मन लागत नाही, म्हणून लिहितोय.

पुंडलिकनगरात माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे. रोज एक वाक्प्रचार शिकवतो आणि त्यावर वाक्य लिहून आणायला लावतो. गाईडमधलं चालत नाय, आपल्या घरातलंच पाहिजे, हा माझा नियम.

मुकुंदवाडीच्या नसीमआपा अचानक यायच्या बंद झाल्या होत्या. आज पाच महिन्यांनी क्लासची तीच जुनी वही घेऊन दारात उभ्या.

"सर, परत क्लास लावायचाय. आमचे हे गेले. किडनीचं लई दिवस चालू होतं. इद्दतचे चार महिने दहा दिवस घरातच बसले, ते संपले, आता नोकरी बघावी लागंल."

मी हबकलोच. "आपा, एका शब्दानं सांगायचं तरी!"

"सांगितलं होतं सर," त्या हळूच म्हणाल्या. "होमवर्कमध्ये."

वही उघडली. 'माय हजबंड्स लाइफ इज हँगिंग बाय अ थ्रेड.' नवऱ्याचा जीव धाग्यावर लटकलाय. दुसऱ्या दिवशीचं, 'आय नीड अ शोल्डर टु क्राय ऑन.' रडायला कुणाचा तरी खांदा पाहिजे.

दोन्हींवर माझी लाल खूण. दुसऱ्याखाली तर मी 'व्हेरी गुड' लिहिलंय.

शिक्षक मित्रांनो, खरं सांगा, तुम्ही वह्या तपासता की वाचता?