नाक्यावरचं ऊन

हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोललो नाई. बायकोजवळ नाई, देवाजवळ तर नाईच — त्याले म्हणे सारंच माहीत असते, मंग सांगाचं कायले? तुमाले सांगून राह्यलो, कारण तुमी दादाले ओळखत नाई.

दादा म्हणजे माहा मोठा भाऊ. नागभीडकडच्या आमच्या गावात तळ्यावर मासे धरणारे घरोघरी, पण डोंगा, म्हणजे लाकडाची नाव, बनवावी तर दादानंच. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हद्दीपलीकडून, आंध्रातल्या गोदावरीकाठच्या एका गावातून त्याले काम आलं. हा डोंगा पसंत पडला तर आणखी तीन बनवाचे होते. दादा दोन महिने दुसऱ्या कामाले शिवला नाई.

जीप माही होती. मांगं दोन चाकांचा गाडा जोडला, त्याच्यावर डोंगा पालथा बांधला. दादा आदल्या दिवशीच बल्लारपूरवरून रेल्वेनं पुढं गेला. जाताना एकच गोष्ट दहादा बोलला, "बाबू, पोते सुकू देऊ नोको. ऊन लागलं का नवी फळी तडकते." डोंगा उन्हात न्याचा तर आमच्यात वरून ओले पोते टाकतात, अन् दर थांब्यावर बादलीनं पाणी मारतात. लहान पोट्टंही जाणते हे.

मारलं ना मी पाणी. मूल गावाले मारलं, चंद्रपूरले मारलं. पण गाडा दोनदा पंक्चर! अन् जिथं थांबलो तिथं लोक दात काढत — "काऊन भाऊ, सडकेवर डोंगा चालवून राह्यला?" डोस्कं तापत गेलं. कौतुक दादाचं, अन् बादली माह्या हातात?

मंग हद्दीचा नाका. लाकडाची पावती दाखवली, तर म्हणे साहेब पाहीन. साहेब कुठी? जेवायले. जेवण होतं का लगीन होतं त्याचं? अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले. मे महिन्याचं ऊन. पाण्याची बोरिंग समोर होती, शंभर पावलं असन-नसन. मी पळसाखाली पडलो होतो. पोते वाळून कडक झालेले मले दिसत होते — हो, दिसत होते. उठलो नाई. म्हटलं, मरू दे बे, मी काय नोकर हाय दादाचा?

साहेब आला, पावती धड पाहिलीही नाई, जा म्हणे.

मी काय केलं असन? त्या गावाच्या अलीकडं गाडी थांबवली अन् पोते चांगले निथळते भिजवले. दादानं हात लावून पाहिला. खुश झाला.

सकाळी नारळ फोडून डोंगा पाण्यात लोटला. चार माणसं चढली, अन् बुडातली फळी या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत फाटली. लोक तेलुगूत काय बोलले ते समजलं नाई. हसले, ते समजलं.

"बाबू, पाणी मारलं होतं ना?"

"दर थांब्यावर, दादा."

त्यानं पुन्हा विचारलं नाई. साऱ्यांसमोर हात जोडले. "लाकूड कच्चं घेतलं मी. माही चूक."

घरी येऊन दादानं रंधा अन् पटाशी माळ्यावर टाकली, ती आजपर्यंत तिथंच हाय. दादा आता बल्लारपूरले बांबू उतरवाले जाते. कोणाच्या दारात सागाची फळी दिसली का थांबते, नखानं टोकरून पाहते, अन् मले विचारते, "तवा कच्चं लाकूड मले समजलं कसं नाई रे, बाबू?"

मी खाली पाहतो. लाकूड पक्कं होतं.