बाहेर कोणी जायचं

लाविनियाला नर्स व्हायचं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण टोंगा बेटांवरच्या आमच्या पांगाई गावात आज कोणालाही विचारा, तिच्याबद्दल भलतंच ऐकायला मिळेल. मोठ्या मनाची बाई, भावासाठी आयुष्य ओवाळून टाकलं, वगैरे. ओवाळून टाकायला तिच्या हातात काही ठेवलं होतं का, हे कोणी विचारत नाही.

मोठ्या वादळानं आमच्या बेटावरची निम्मी छपरं समुद्रात नेऊन टाकली, त्या साली दवाखान्यात एकच नर्स होती. तिच्या हाताखाली लाविनिया आपण होऊन जाऊन उभी राहिली. शाळा संपून वर्ष झालं होतं. घरी आई सालोमेबरोबर केवड्याच्या पाती सुकवायच्या, चिरायच्या आणि चटया विणायच्या, एवढंच काम होतं. दवाखान्यात तिनं जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, मोडलेल्या हातांना फळ्या लावल्या. तिचं अडायचं ते बाटल्यांपाशी. प्रत्येक बाटलीवर बारीक अक्षरात इंग्रजी, आणि शाळेतलं इंग्रजी तिथं पुरेना. नर्स एक दिवस म्हणाली, "हात चांगला आहे तुझा. पण इंग्रजी शीक, नाहीतर जन्मभर माझ्या बादल्या उचलशील."

पुढच्या वर्षी मिस मार्जरी आल्या. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा चर्चनं त्यांना पाठवलं होतं. उन्हानं नाक सोललेलं, पायात पुरुषी सँडल, आणि मनानं खरंच चांगल्या. चांगल्या माणसांनी केलेलं नुकसान फार वाईट, कारण त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा होणार, जो पहिला येईल त्याला सिडनीला पाठवणार आणि त्याला जे शिकायचं ते शिकवणार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. जागा एकच होती. त्या दिवसापासून लाविनियाच्या डोक्यात दुसरं काही शिरेना.

वर्गाचं पुस्तक बारीक होतं. एकेका पानाचा धडा, वर एक चित्र, आणि धड्यात तिकडची माणसं कशी राहतात त्याची हकिगत. एका धड्यात आजी एकटी राहायची, सोबत मांजर. सगळा वर्ग काळजीत पडला. हिचं कोणाशी भांडण झालं, मुलं मेली की काय, निदान चर्चची माणसं तरी येऊन बसतात की नाही, असे प्रश्न विचारून विचारून लोकांनी मिस मार्जरींना भंडावलं. आजी मजेत आहे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. कोणाला पटलं नाही. दुसऱ्या धड्यात कुत्रा माणसांच्या पलंगावर झोपायचा, त्यावर तर एक आठवडा हसण्यात गेला. पाहुण्यानं येण्याआधी फोन करावा, असा एक धडा होता. मागच्या बाकावरचा एक म्हातारा कोळी म्हणाला, "म्हणजे यांना भाजलेलं डुक्कर लपवायला वेळ पाहिजे." वर्ग असा चालायचा. लाविनिया हसायची, पण घरी जाऊन तोच धडा चटई विणता विणता पाठ म्हणायची. महिन्याभरात ती सगळ्यांच्या पुढे निघून गेली. तिच्या मागे, बऱ्याच अंतरावर, फिलिमोने.

फिलिमोने तिच्या मावशीचा मुलगा, तिच्याहून वर्षानं धाकटा. मावशीचा मुलगा म्हणजे आमच्यात सख्खा भाऊच. आई आणि मावशी दोघी आयाच, त्यांची मुलं ती भावंडं, त्यात डावंउजवं नाही. आणि टोंगात भाऊ-बहीण म्हटलं की दोघांमध्ये एक रेष असते. वयात आल्यावर ती एका छपराखाली झोपत नाहीत. एकमेकांसमोर प्रेमाचं, अंगाचं, न्हाणीघराचं बोलणं कानावर पडू द्यायचं नाही. कोणी बोललंच, तर दोघांपैकी एकानं मुकाट्यानं उठून बाहेर जायचं. कोणी जायचं याचा नियम नाही. पण बहिणीचा मान मोठा, म्हणून शहाणा भाऊ उठतो.

फिलिमोने शहाणा होता. सकाळी न्हाणीघरासाठी भांडणाऱ्या भावा-बहिणीचा एक धडा आला, तेव्हा मिस मार्जरी पहिलं वाक्य वाचतात न वाचतात तोच त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर गेला. लग्नाचा धडा आला, पुन्हा खोकला. समुद्रावर पोहायला गेलेल्या पोरापोरींचं चित्र आलं, पुन्हा तेच. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मिस मार्जरी मात्र हळहळल्या आणि त्यांनी त्याला खोकल्याच्या गोळ्यांचा डबा आणून दिला. दोघांची आडनावं वेगळी, त्यांना कळणार कसं? आणि त्यांना सांगणार कोण? सांगायचं म्हणजे ज्याबद्दल बोलायचं नाही तेच त्या दोघांच्या देखत बोलायचं. शिवाय शिक्षकाला चुकलं म्हणणं बरं दिसत नाही. आमच्या या सभ्यपणानं किती जणांचं वाटोळं केलंय, त्याचा हिशेब एकदा कोणीतरी मांडायला हवा.

परीक्षेच्या दिवशी सगळे आंघोळी करून, मानाच्या प्रसंगी आमच्यात बांधतात तशा कमरेला चटया बांधून आले होते. सिडनीहून चर्चचे एक साहेब आले होते, ते टेबलामागे बसले. मिस मार्जरींनी आधीच बजावलं होतं की नाव पुकारल्यावर जो खोली सोडून जाईल तो परीक्षेतून गेला, साहेबांचा नियम आहे. मग त्यांनी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. आमची माणसं लाजाळू आहेत हे त्यांचं ठाम मत, आणि ती लाज मोडायचा त्यांनी विडा उचलला होता. म्हणून संवादाचा धडा निवडला. एक मुलगा मुलीला सिनेमाला घेऊन जातो, अंधारात तिचा हात धरतो, तू सुंदर दिसतेस म्हणतो. ती काय म्हणते ते पुढच्या ओळीत. हा धडा वर्गात झालाच नव्हता. मिस मार्जरी कौतुकानं म्हणाल्या, "माझी सगळ्यात हुशार दोघं. लाविनिया आणि फिलिमोने."

हॉलमध्ये कोणी हललं नाही. लाविनिया खुर्चीत बसली, फिलिमोने समोर बसला. दोघांच्या हातात एकेक कागद होता. तिनं ओळी वाचल्या, चेहरा तापला, आणि ती खोकल्याची वाट बघू लागली.

खोकला आला नाही.

फिलिमोने कागदावर नजर लावून बसला होता. तिला त्याचे कान दिसत होते, लालभडक. लाज त्यालाही वाटत होती, म्हणजे त्याला सगळं कळत होतं. मिस मार्जरी म्हणाल्या, "चला, सुरू करा." तो तसाच. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यानं वाचायला घेतल्यासारखं तोंड उघडलं, आणि लाविनियाच्या लक्षात आलं की हा उठणार नाही. आपण उठणार हे त्याला माहीत आहे. तो वाचेल की नाही हा प्रश्नच नव्हता, कारण तिच्यासमोर तो वाचणार नव्हता. तिच्या उठण्याचीच तो वाट बघत होता. ती थोडा वेळ आणखी बसली. तिला वाटलं, अजून उठेल. मग तिनं कागद खुर्चीवर पालथा ठेवला आणि बाहेर गेली.

बाहेर चिंचोळ्या ओट्यावर उभं राहून तिला आतलं सगळं ऐकू येत होतं, म्हणून ती रस्त्यापर्यंत गेली. आत मिस मार्जरींनी मुलीच्या ओळी स्वतः वाचल्या. फिलिमोनेनं मुलाच्या वाचल्या, म्हणे अगदी स्पष्ट. जागा त्याला मिळाली.

दुसऱ्या दिवशी मिस मार्जरी घरी आल्या. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. काय झालं, का गेलीस, अजून साहेब इथेच आहेत, कारण असेल तर मी बोलते, असं त्या परत परत म्हणत होत्या. लाविनियाला एकच वाक्य बोलायचं होतं, तो माझा भाऊ आहे. वाक्य इंग्रजीत तयार होतं, रात्रभर तिनं घोटून ठेवलं होतं. पण बाजूला आई बसली होती आणि आईच्या बाजूला मावशी, आणि दोघी तिच्याकडे एकटक बघत होत्या. सालोमे मुलीला आमच्या भाषेत हळूच म्हणाली, "परक्या बाईसमोर भावाच्या तोंडचा घास काढणार आहेस का?"

लाविनियानं सांगितलं, पोटात दुखत होतं. मिस मार्जरींनी तिचा खांदा थोपटला आणि पुढच्या वर्षी नक्की असं म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांचे वडील आजारी पडले, त्या गेल्या, आणि वर्ग बंद झाला.

फिलिमोनेला दोष द्यायला कोणाला जागा नव्हती, हे सगळ्यात वाईट. त्यानं रेष ओलांडली नाही. बहीण गेल्यावरच वाचलं. गावात बायका कुजबुजल्या, पण मग त्यानं सिडनीहून पिंपं भरून सामान पाठवायला सुरुवात केली आणि कुजबुज बंद पडली. मावशीचं घर सिमेंटचं झालं. चर्चला नवा बाजा आला. बांधकामाच्या धंद्यात त्यानं नाव काढलं. लाविनियानं एका मासेमाराशी लग्न केलं, तो चांगला होता आणि लवकर गेला. चार पोरं तिनं चटया विणून वाढवली. तिची बोटं आता सरळ होत नाहीत. लोक तिच्याकडे औषधाच्या बाटल्या वाचून घ्यायला येत, ती वाचून द्यायची. दवाखान्याच्या दारात मात्र ती पुन्हा पाय ठेवायची नाही. पोरांना बरं नसलं तर शेजारणीबरोबर पाठवायची. गाव म्हणायचं, विक्षिप्त आहे. असू दे. ज्यांनी तोंड उघडायचं तेव्हा मूग गिळले, त्यांनी तिच्या स्वभावाला नावं ठेवू नयेत.

मग फिलिमोनेच्या मुलीचं, टिफनीचं, सिडनीत लग्न ठरलं. नवरा तिकडचाच गोरा. फिलिमोनेला सख्खी बहीण नाही, म्हणजे मुलीची आत्या लाविनियाच, आणि आत्याशिवाय आमच्यात लग्नाचं पान हलत नाही. सगळ्यात उंच जागा तिची, सगळ्यात चांगली चटई तिची, ती बोलेल ते कोणी टाळायचं नाही. तिकीट आलं. लाविनिया जाणार नव्हती. मग गेली. साठी जवळ आलेली असताना पहिल्यांदा सिडनी बघितली.

हॉल केवढातरी मोठा. अर्ध्या भागात आमची माणसं चटयांवर, अर्ध्या भागात नवऱ्याकडची खुर्च्यांवर. जेवणात भाजलेली डुकरं आणि अळूच्या पानात शिजवलेलं मांस होतं, आणि खुर्च्यांवरच्या लोकांसाठी वेगळं काहीतरी. लाविनियाला मधोमध बसवलं, अंगाखाली इतक्या चटया की ती सगळ्यांच्या वर दिसत होती. फिलिमोने सुटावर कमरेला चटई बांधून माइकपाशी गेला आणि इंग्रजीत बोलू लागला. छान बोलत होता. लोकांना हसवत होता. मग तो लाविनियाकडे वळला.

"मी इथे आहे तो माझ्या ताईमुळे," तो म्हणाला. "परीक्षेत ती माझ्यापेक्षा हुशार होती. पण त्या दिवशी ती उठली, आणि तिची जागा तिनं मला दिली. आमच्यात बहिणी अशा असतात."

सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. खुर्च्यांवरच्या बायका डोळे पुसत होत्या. फिलिमोने खरोखर रडत होता. इतक्या वर्षांत ती गोष्ट त्यानं स्वतःलाच इतक्यांदा सांगितली असणार की आता ती त्याला खरीच वाटत होती. घेतलं ते घेतलं, वर आता तिनं दिलं म्हणायचं, आणि तिनं इथं मानाच्या चटईवर बसून मान डोलवायची.

ती उठली. आत्या उठली म्हटल्यावर आमची माणसं चटकन गप्प झाली, त्यांचं बघून बाकीचेही झाले. माइक कोणीतरी तिच्या हातात दिला. ती इंग्रजीत बोलली, सावकाश, एकही चूक न करता.

"मी काही दिलं नाही, फिलिमोने. दर वेळी तू उठायचास. त्या दिवशी तू बसून राहिलास, कारण तुला जागा हवी होती. मलाही हवी होती. मला नर्स व्हायचं होतं."

चटयांवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांना सगळं कळलं, म्हणून त्यांना काहीच ऐकू आलं नाही. फिलिमोनेचा चेहरा उतरला, मग त्यानं हसून हात जोडले, जणू बहिणीनं थट्टा केली. ते बघून खुर्च्यांवर हशा पिकला आणि पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. कोणीतरी बाजा वाजवायला सांगितलं.

नवऱ्या मुलाची आई टेबलांमधून वाट काढत आली. तिनं लाविनियाचे दोन्ही हात हातात घेतले आणि लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "किती सुंदर इंग्रजी बोलता तुम्ही."

"थँक यू," लाविनिया म्हणाली आणि खाली बसली. मग दोन मुलींनी केकचा सगळ्यात वरचा मजला उचलून आणला आणि आत्याचा मान म्हणून तिच्या पुढ्यात ठेवला.