गोल डोक्याची गॅरंटी

मोताळ्याच्या बसस्टँडसमोर जाकीर मन्सुरींचं गादीघर आहे. गाद्या, रजया, लोड, तक्के सगळंच ते भरून देतात, पण तालुक्यात त्यांचं नाव झालं ते बाळाच्या उशीमुळे. वीतभर लांबीची, मलमलची, आत मोहरी भरलेली आणि मधोमध खळगा पाडलेली उशी. जन्मल्यापासून बाळाचं डोकं तिच्यावर ठेवलं की ते गोल होतं, असं जाकीरभाई सांगत. दुकानाच्या पाटीवरही त्यांनी ठसठशीत रंगवून घेतलं होतं: ‘गोल डोक्याची गॅरंटी’.

या गॅरंटीची रीत फार सोपी होती. डोकं गोल झालं तर ते उशीमुळे, आणि नाही झालं तर आईनं उशी नीट वापरली नाही म्हणून. त्यामुळे बत्तीस वर्षांत जाकीरभाईंची एकही उशी चुकली नव्हती. आठवडी बाजारात फिरताना ते लोकांची तोंडं पाहत नसत, टाळकी पाहत. सोबतच्याला कोपरानं ढोसून म्हणत, "तो तलाठी पाह्यला? आपलं डोकं हाये." तलाठी मूळचे कोल्हापूरकडचे, नोकरीला लागल्यावरच त्यांनी पहिल्यांदा मोताळा पाहिलं. पण एवढ्या गोल डोक्याचं श्रेय कोल्हापूरला देणं जाकीरभाईंना जमणारं नव्हतं.

त्यांची मुलगी मलिहा जळगाव जामोदला दिलेली. जावई अकील तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मलिहा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा जाकीरभाईंनी महिनाभर आधीच उशी करायला घेतली. मोहरी तीनदा चाळली, मखमलीची झालर लावली. बायकोला, सरवरीला म्हणाले, "आजवर लोकाईची डोकी केली. आता घरचं करतो."

मुलगी झाली. नाव ठेवलं अलीजा. दवाखान्यातून घरी आल्यापासून ती त्या उशीवर झोपू लागली. दोन महिने झाले आणि एक दिवस न्हाऊ घालताना सरवरी म्हणाली,

"अजी, पोरगी उजवीकडंच पाहून राह्यली. डावीकडं मानच नाई फिरवत."

"तिकडं भिंतीवर घड्याळ हाये, म्हणून पाहते."

घड्याळ डाव्या भिंतीवर गेलं. अलीजा उजवीकडच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत राहिली. मग खिडकीचा पडदा बदलला, मग खाट फिरवली. खाट जिकडे फिरेल तिकडची उजवी बाजू तिला आवडायची. दूध पितानाही तिचं तसंच. एका बाजूला मुकाट पिई, दुसऱ्या बाजूला घेतलं की रडून घर डोक्यावर घेई.

आणि हळूहळू तिचं डोकं मागून, उजव्या अंगाला, थापीनं दाबल्यासारखं चपटं झालं. उजवा कान डाव्यापेक्षा थोडा पुढे सरकलेला दिसू लागला. घरात सगळ्यांनी ते पाहिलं. बोललं कोणी नाही.

गोल डोक्याची गॅरंटी देणाऱ्याच्या नातीचं डोकं चपटं, म्हणजे आईनं उशी नीट वापरली नाही, असं म्हणायची सोय इथे नव्हती. उशी लावत होते स्वतः जाकीरभाई. तेव्हा त्यांनी मोहरीला दोष दिला. नवी मोहरी आणली. मग उशी हलकी पडत असेल म्हणून वजनदार केली. मग डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना मोहरीच्या दोन वळकट्या लावल्या. शेवटी खाटेवर बाळ कमी आणि मोहरी जास्त दिसायला लागली.

लोकांसाठी त्यांनी दुसरा उपाय काढला. अलीजाला अकरा टोपडी शिवली. मे महिन्यात, पत्रे तापून वाजत असताना, ते पोर कानटोपी घालून घामाघूम व्हायचं आणि जाकीरभाई पाहुण्यांना सांगायचे, "हवा लागते तिले."

गावात राहणारे निवृत्त शिक्षक उकंडराव गुरुजी याच दिवसांत उशीची मागणी नोंदवायला आले. त्यांच्या सुनेला, पूनमला, आठवा महिना होता. गुरुजींना कुठलीही गोष्ट तपासून घ्यायची सवय.

"जाकीरभाई, तुमच्या नातीवर गुण पाहू द्या बरं उशीचा."

"झोपली हाये, गुरुजी."

आतून अलीजा सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी रडत होती. गुरुजींनी दाराकडे पाहिलं, मग जाकीरभाईंकडे. जाकीरभाई शांतपणे रुई मोकळी करत बसले.

टोपडं निघालं ते लसीच्या दिवशी. नर्सबाईंनी उकाड्यात हे काय घातलं म्हणून काढून टाकलं आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी डोक्याची हाडं चाचपून पाहिली, हाडांत काही दोष नाही म्हणाले, पण मानेसाठी बुलढाण्याला फिजिओथेरपिस्टकडे जा म्हणून चिठ्ठी लिहिली.

"मीबी येतो," जाकीरभाई मलिहाला म्हणाले. "त्याईले डोक्यातलं काय समजते?" आणि त्यांनी पिशवीत उशी घातली.

बुलढाण्याच्या त्या डॉक्टर मॅडमचं नाव प्रतीक्षा. देऊळगाव राजाकडच्या, वयानं मलिहापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी अलीजाला टेबलावर निजवलं आणि डोळ्यांपुढे लाल खुळखुळा धरला. खुळखुळा उजवीकडे गेला तशी अलीजाची मान पार खांद्यापर्यंत गेली. डावीकडे गेला तेव्हा मान अर्ध्यावर अडकली आणि पोरगी सगळं अंगच वळवायला लागली.

"चाचा, इथं बोट लावा," त्या म्हणाल्या.

मानेच्या डाव्या बाजूला जाकीरभाईंनी बोट लावलं. कातडीखाली दोरीसारखं काहीतरी ताणलेलं लागलं. रजईला टाके घालताना एका बाजूचा धागा जास्त ओढला गेला की सगळी रजई त्या बाजूला गोळा होते, आणि वरून कितीही थोपटली तरी सरळ होत नाही. हे त्यांना बत्तीस वर्षांपासून माहीत होतं.

"डाव्या बाजूचा स्नायू आखडलाय," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तोंड उजवीकडं राहतं. चोवीस तास एकाच बाजूवर भार, म्हणून तेवढीच जागा चपटी झाली. आधी मान मोकळी करायची."

"अन् उशी?"

"उशी नको. पाठीवरच निजवायचं, सपाट गादीवर, आजूबाजूला काही न ठेवता. जागी असली की पालथी घालायची, जवळ बसून. डोकं चोळून, दाबून गोल करायला जायचं नाही."

जाकीरभाईंनी पिशवीतून उशी काढली आणि टेबलावर ठेवली. "हे तशी उशी नोहे, मॅडम. हिच्यात मोहरी हाये."

मॅडमनी उशी हातात घेऊन पाहिली. "काम सुरेख आहे, चाचा. पण हिच्यात डोकं जास्तच अडकून राहतं."

"मंग मोहरी कोणती चांगली?"

"फोडणीची," मॅडम म्हणाल्या, आणि मलिहाला मान वळवायचा व्यायाम दाखवायला लागल्या.

परतताना राजूर घाट उतरेपर्यंत जाकीरभाई बसमध्ये उशीची पिशवी मांडीवर धरून बाहेर पाहत बसले. घाट उतरल्यावर म्हणाले, "पोरगी लहान हाये. शिकंल हळूहळू." मलिहाला कळेना, ते अलीजाबद्दल बोलतात की मॅडमबद्दल.

घरी व्यायाम सुरू झाले. मलिहा दर वेळी लंगोट बदलला की मान डावीकडे वळवून धरी, अलीजा टाहो फोडी, आणि जाकीरभाई चपला घालून दुकानात जात. दुकानात जाऊन उशा विकत. घरात उशीला बंदी आणि पाटीवर गॅरंटी, असे पंधरा-वीस दिवस गेले.

"घरात एक अन् दुकानात एक, असं किती दिवस चालवसान?" सरवरीनं विचारलं.

"दुकान दुकान असते," ते म्हणाले, पण भाजी तशीच ठेवून उठले.

पालथं घालण्याचं मात्र काही जमेना. अलीजा सतरंजीवर तोंड खुपसून पडे. खुळखुळे झाले, मोबाइलवरची गाणी झाली, सरवरीनं ताट वाजवून पाहिलं. मान काही उचलेना. भिंतीवर जाकीरभाईंच्या वडिलांचं कापूस पिंजायचं जुनं धनुष्य टांगलेलं होतं. यंत्र आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. एका दुपारी त्यावरची धूळ झटकताना जाकीरभाईंचं बोट तारेला लागलं. 'धुंई' असा आवाज निघाला.

अलीजानं मान उचलली. जाकीरभाई तिच्या डाव्या अंगाला उभे होते. त्यांनी परत तार छेडली. ती थरथरत, लाळ गाळत, डावीकडे वळली. पुरती नाही, पण आजवर कधी वळली नव्हती तेवढी.

"अब्बा, थांबू नका," मलिहा म्हणाली.

त्या दिवसापासून जाकीरभाई दिवसातून पाच-सहा वेळा सतरंजीवर नातीसमोर स्वतः पालथे पडून तार वाजवू लागले. दुकानावर गिऱ्हाईक ताटकळे. त्यांच्या पाठीत चमक भरली. आणि दोन महिन्यांत मान मोकळी होताना दिसू लागली, तेव्हा त्यांनी निकालही देऊन टाकला: गुण आला तो पिंजणाच्या तारेनं. मलिहाचे व्यायाम आपले असेच, चालू राहू द्या.

मधल्या काळात उकंडराव गुरुजींना नातू झाला. ते उशी न्यायला आले.

"उशी नका घेऊ, गुरुजी," जाकीरभाई म्हणाले.

"काऊन? आमच्याच नातवाले काऊन नाही?"

जाकीरभाईंनी हातातली सुई खाली ठेवली. मग त्यांना आत घेऊन गेले आणि अलीजाचं टोपडं काढलं. बाहेरच्या माणसाला ते डोकं दाखवायची ही पहिली वेळ. गुरुजींनी चष्मा पुसून, वाकून, दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"मंग पाटीवरच्या गॅरंटीचं काय?"

"ते डोक्याची होती, गुरुजी. मानीची कुठं देल्ती?"

दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून त्यांनी पाटीवरची ओळ पुसून घेतली. गुरुजींनी सगळं ऐकलं, समजून घेतलं, आणि मलकापूरहून उशी आणली. गावात बोलणं झालं की जाकीरभाई आता उशी फक्त खास लोकांना देतात, कोणाला सांगू नका. त्या आठवड्यात बत्तीस वर्षांत आली नव्हती एवढी गिऱ्हाइकं आली. उशी नाही म्हणावं तर लोक ओळखी सांगत. एकानं आमदाराच्या माणसाचा फोन लावून दिला.

शेवटी त्यांनी उशी बंद करून बाळाला पालथं खेळवायची घट्ट, पातळ गादी शिवायला घेतली. ती घेणाऱ्याला आधी अर्धा तास मानेवरचं व्याख्यान ऐकावं लागे. बाजारात आता ते टाळकी पाहत नसत, माना पाहत. कडेवरच्या अनोळखी पोरांपुढे चुटकी वाजवून डावी-उजवी तपासत. दोन बायांनी हाकलूनही दिलं.

दहाव्या महिन्यात प्रतीक्षा मॅडमनी अलीजाची मान तपासली. दोन्हीकडे सारखी वळत होती. टेपनं डोकं मापलं, आधीच्या मापाशी ताडून पाहिलं. "पुष्कळ भरलंय. थोडं चपटं राहील. केस वाढले की कळणार नाही. आता यायची गरज नाही, चाचा."

पुढच्या रविवारी अकील येऊन मायलेकींना जळगाव जामोदला घेऊन गेला. बसमध्ये अलीजा खिडकीला हात लावून कधी इकडे, कधी तिकडे पाहत होती. जाकीरभाई बस वळेपर्यंत उभे होते.

उकंडराव गुरुजी दूध घेऊन तिकडूनच चालले होते. त्यांनी थांबून विचारलं, "कसं काय, जाकीरभाई? झालं का डोकं गोल?"



"नाई, गुरुजी," ते म्हणाले. "थोडं राह्यलं. मागून पाह्यलं तं दिसते."